दुर्बीण घ्या, पण आधी गच्ची बघा

स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर बहुतेक वेळा एक भला मोठा आकडा छापलेला असतो: ५२५ पट. शेजारी शनीचं झगमगीत रंगीत चित्र. आकडा तसा खोटा नसतो, म्हणूनच माणूस त्याला भुलतो. दुर्बिणीची फोकल लेंथ ७०० मिलिमीटर आहे. डोळा लावायच्या जागी ४ मिलिमीटरचा आयपीस बसवला की ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. मध्ये तिप्पट करणारी बार्लो लेन्स घातली की झाले ५२५. गणितात चूक नाही. पण त्या दुर्बिणीचं तोंड असतं अवघं ७६ मिलिमीटरचं. तोंडाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट ही मोठं करून दाखवण्याची व्यवहारातली मर्यादा. म्हणजे इथे दीडशेच्या आसपास, आणि तीही हवा शांत असली तर. त्यापुढे प्रतिमा फुगत जाते, अंधूक होत जाते आणि तिच्यात नवीन काहीच दिसत नाही. अशा ५२५ पटीतून शनी बघायला गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी त्या दुर्बिणीला हात लावत नाही. ती माळ्यावर जाते, आणि घरात समज पक्का होतो की आकाशदर्शन हे आपलं काम नव्हे. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

दुर्बिणीचं मुख्य काम उजेड गोळा करण्याचं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग तिच्या शंभर पट उजेड गोळा करतं, १५० मिलिमीटरचा म्हणजे सहा इंची आरसा साडेचारशे पटींहून जास्त. बारीक तपशील वेगळे करून दाखवण्याची ताकदही व्यासाबरोबरच वाढते. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो व्यासाचा. ‘किती पट?’ हा प्रश्न आयपीस बदलून केव्हाही सोडवता येतो, व्यास मात्र एकदा घेतला तो घेतला. आणि लहान व्यासालाही कमी लेखू नये. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीतून, आणि तिचं भिंग आजच्या साध्या ७० मिलिमीटरच्या भिंगापुढे अगदीच ओबडधोबड होतं.

मग परवडेल तितकी मोठी घ्यावी का? अमेरिकेतली पुस्तकं बहुधा हो म्हणतात. तिथे मागच्या दाराबाहेर अंगण असतं. वसई-विरारमध्ये आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: दुर्बीण ठेवणार कुठे, आणि तिथपर्यंत उचलून नेणार कोण?

आपल्या आकाशाच्या चार बाजू सारख्या नाहीत. दक्षिणेला खाडीपलीकडे भाईंदरपासून मुंबईचा उजेड सुरू होतो आणि क्षितिजापासून बराच वर चढतो. पूर्वेला इमारती, कारखाने आणि महामार्गाचे दिवे, त्यामागे तुंगारेश्वरचा डोंगर. पश्चिमेला समुद्र, म्हणून त्या बाजूला अंधार बरा. उत्तरेला, वैतरणेच्या खाडीकडे, त्याहून बरा. याचा परिणाम सरळ आहे. अगस्त्याचा तारा आपल्याकडे जेमतेम १८ अंश वर येतो, ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ २३ अंशांपर्यंत. दोन्ही बरोबर दक्षिणेला, मुंबईच्या उजेडात. अगस्त्य तेजस्वी असल्याने दिसतो, पण तो गुच्छ वसईतून शोधायचा तर चिकाटी लागते. तोच जव्हार-मोखाड्याच्या माळावरून बायनॉक्युलरमधूनही सहज सापडतो.

चंद्र आणि ग्रहांचं मात्र उलट आहे. रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचं फारसं बिघडत नाही, त्यांना हवी असते स्थिर हवा. आणि इथे आपलं नशीब चांगलं. वसई-विरारचा अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या आसपास, म्हणजे ग्रहांचा मार्ग आपल्या माथ्यावरून किंवा माथ्याजवळून जातो. लंडनमधला हौशी माणूस कित्येकदा ग्रह क्षितिजाजवळच्या गढूळ हवेतून बघत असतो. आपल्याकडे कुठलाही तेजस्वी ग्रह मध्यावर आला की सहसा पंचेचाळीस अंशांच्या वरच असतो. २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षांच्या सुरुवातीच्या महिन्यांत तर गुरू रात्री जवळपास डोक्यावर येतो.

पण नेमकं हेच गॅलरीवाल्यांना नडतं. ग्रह डोक्यावर, आणि डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब. गॅलरीतून दिसते ती आकाशाची एक पट्टी, साधारण क्षितिजापासून चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत, तीही ग्रिल नसेल तर. पश्चिमेची गॅलरी असेल तर संध्याकाळची चंद्रकोर, शुक्र आणि मावळतीला गेलेले ग्रह मिळतात, पूर्वेची असेल तर उगवणारे. खालच्या मजल्याचं एसीचं बाहेरचं युनिट गॅलरीखाली असेल तर त्याची गरम हवा वर येऊन प्रतिमा पाण्याखालच्या वस्तूसारखी हलते. उघड्या खिडकीतूनही तेच होतं, कारण घरातली हवा बाहेर जात असते.

गच्ची बरी, पण तिचेही नियम आहेत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्या वेळी शंभर पटीच्या वर गेलात तर ग्रहाची कड उकळताना दिसते. दहानंतर तोच ग्रह स्वच्छ होतो. लिफ्ट बहुतेक इमारतींत शेवटच्या मजल्यापर्यंतच असते, पुढचा जिना आपल्या पायांनी. किल्ली सेक्रेटरीकडे किंवा वॉचमनकडे. शेजारच्या इमारतीवरचा हॅलोजन डोळ्यात येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहायचं. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण दुर्बीण वर्षातून दोनदा बाहेर निघणार की आठवड्यातून दोनदा, हे याच ठरवतात.

निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी या पट्ट्यात ज्यांची वाडी आहे, अंगण आहे, त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. माती स्लॅबइतकी तापत नाही, आणि मोठी दुर्बीण घरातून दहा पावलांवर मांडता येते. झाडांमधून आकाशाचा जो तुकडा दिसेल तो पुरतो, कारण ग्रह आणि तारे स्वतःच तिथे चालत येतात.

राहिला समुद्रकिनारा. राजोडी, कळंब, अर्नाळा इथे पश्चिमेला मोकळं आकाश मिळतं. आकाशदर्शनाला आपण अमावास्येच्या जवळची रात्र निवडतो, आणि अमावास्येला उधाण असतं हे विसरून चालत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती मध्यरात्रीच्या सुमारास. संध्याकाळी सहाला ओहोटी असताना लांब दिसणारं पाणी रात्री अकराला सुरूच्या झाडांकडे सरकलेलं असतं. तेव्हा मांडामांड वरच करावी, आणि जावं तर दोघा-तिघांनी मिळून. शिवाय खारा वारा आरशाच्या मुलाम्याला आणि स्टँडच्या स्क्रूंना खातो, वाळू दातेरी चाकांत शिरते. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावर बायनॉक्युलर न्यावा आणि दुर्बीण गच्चीवर राहू द्यावी.

जागा ठरली की मग स्टँड. नवख्या माणसाची नजर नळीवर असते, आणि स्वस्त दुर्बीण बनवणारा पैसे वाचवतो ते स्टँडमध्ये. दुकानात एक परीक्षा करून बघा. दूरच्या एखाद्या पाटीवर दुर्बीण लावा, आयपीसमध्ये बघत नळीच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि प्रतिमा स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एक-दोन सेकंद ठीक. चार-पाच सेकंद लागत असतील तर घेऊ नका, कारण फोकस करताना प्रत्येक स्पर्शाला ती इतकाच वेळ थरथरणार, आणि आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा रात्रीही पुरता पडत नाही.

स्टँडचे ढोबळ दोन प्रकार. एकाला इक्वेटोरियल म्हणतात: तिरका अक्ष, त्याला लोंबणारं वजन. तो अक्ष ध्रुवताऱ्याकडे नीट रोखला तर एकच मूठ फिरवून तारा नजरेत धरून ठेवता येतो. वाचायला छान. पण ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून साडेएकोणीस अंशच वर असतो, आणि विरारच्या कुठल्या गच्चीवरून उत्तरेची इतकी खालची दिशा मोकळी दिसते? समोर दुसरा टॉवर उभा असतो. कंपास धरून अंदाजाने लावता येतं, पण पहिल्याच महिन्यात माणूस कंटाळतो. दुसरा प्रकार साधा: डावी-उजवीकडे आणि वर-खाली. त्यातलाच एक डॉबसोनियन. जॉन डॉबसन यांनी १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत ही रचना लोकप्रिय केली. ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत. लाकडी फळ्यांचा एक डबा, त्यात आरशाची दुर्बीण, घर्षणावर तोललेली. हाताने ढकलायची, सोडली तिथे थांबते. सगळा पैसा आरशात जातो. माझा कौल पहिल्या दुर्बिणीसाठी याच रचनेला.

आरशाच्या दुर्बिणीशी महाराष्ट्राचं नातंही जुनं आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण तिथे होती, त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. पुढे पुण्यातच १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था. काचेची चकती कार्बोरंडमच्या पुडीने तासन् तास घासून स्वतःचा आरसा बनवण्याची कार्यशाळा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने अनेकदा घेतली. सहा इंची आरशाचा पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतका अचूक असावा लागतो, आणि तो माणूस हाताने घडवू शकतो, ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

तर निवड. फक्त गॅलरी असेल तर ७० किंवा ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण, भक्कम ट्रायपॉडवर. लांब नळी कठड्यावरून बाहेर डोकावते आणि चंद्र-शुक्र-गुरू उत्तम दाखवते. डॉबसोनियन गॅलरीत नको, तिचा डबा जमिनीवर असतो आणि समोर कठडा येतो. गच्चीची किल्ली मिळत असेल तर १३० मिलिमीटर व्यासाची, ६५० फोकल लेंथची, टेबलावर ठेवायची छोटी डॉबसोनियन. एका हाताने उचलून जिना चढता येतो, फक्त खाली एक न डुगडुगणारं स्टूल हवं. मला विचारलं तर वसई-विरारच्या बहुतांश घरांसाठी हीच. अंगण असेल तर सहा इंची, १२०० फोकल लेंथची पूर्ण उंचीची डॉबसोनियन. तिचं वजन पंधरा किलोच्या आसपास, नळी जवळपास चार फूट. ती विरार लोकलने कुठे नेता येईल ही आशा सोडावी. आठ इंची आणखी सुंदर, पण उचलायला घरात दोन माणसं हवीत.

आणि या सगळ्याच्या आधी १०×५० चा बायनॉक्युलर. १० म्हणजे पट, ५० म्हणजे प्रत्येक भिंगाचा व्यास. दहा पटीच्या वर जाऊ नका, हात थरथरतो. एक हिवाळा त्याच्यासोबत काढा. कृत्तिकांचा पुंजका अख्खाच्या अख्खा भिंगात मावतो, मृगातला तेजोमेघ धुकट ठिपक्यासारखा दिसतो, पुष्य नक्षत्राच्या जागी डोळ्यांना जे जेमतेम जाणवत होतं तिथे ताऱ्यांचा थवा निघतो. कोपर कठड्यावर टेकवलेत तर गुरूच्या शेजारी चंद्रांचे ठिपकेही. या एका हिवाळ्यात नक्षत्रं ओळखीची होतात. कुठला तारा कुठे, हे ठाऊक नसताना घेतलेली मोठी दुर्बीण म्हणजे पत्ता नसलेल्या गावात घेतलेली गाडी.

आपोआप तारा शोधून देणाऱ्या, मोटर लावलेल्या दुर्बिणी पहिल्या खेपेला घेऊ नयेत असं माझं मत आहे, कारण त्याच पैशांत आरसा लहान मिळतो. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आपल्या उजळलेल्या आकाशात वाटेतले मंद तारेच दिसत नाहीत, त्यामुळे ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत अंधूक वस्तू शोधणं अवघड जातं. फोनवरचं स्टेलॅरियमसारखं ॲप तिथे मदतीला येतं.

घेताना दोन-तीन गोष्टी डोळ्यांखालून घाला. आयपीस सव्वा इंची हवा, त्याहून बारीक असेल तर पुढे दुसरे आयपीस मिळायची मारामार. आरशाच्या दुर्बिणीवर फोकल लेंथ १००० लिहिली आहे आणि नळी मात्र हात-दीड हाताची, असं ११४ किंवा १२७ मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये दिसलं तर टाळा. आत एक जादा भिंग बसवून लांबी वाढवलेली असते, आणि स्वस्त मालात ते बहुधा प्रतिमा बिघडवतं. खोक्यात आयपीसला लावायचा ‘सन फिल्टर’ निघाला तर तो त्याच दिवशी कचऱ्यात टाका. सूर्याची सगळी उष्णता तिथेच एकवटते, काच तडकते आणि डोळा कायमचा जातो. सूर्यासाठी फिल्टर लागतो तो दुर्बिणीच्या तोंडावर, आणि तोही जाणकाराने तपासलेला.

दिसतं काय, हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही. खोक्यावरचे रंग दिसत नाहीत. मृगातला तेजोमेघ राखाडी, फार तर किंचित हिरवट. पण शनीचं कडं तीस-चाळीस पटीतही सुटं दिसतं. मार्च २०२५ मध्ये ते आपल्याला बरोबर कडेवरून दिसत होतं, आता वर्षागणिक उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरलेलं असेल. आत्ता दुर्बीण घेणाऱ्या माणसाला हा सगळा प्रवास बघायला मिळणार आहे. चंद्र पौर्णिमेला बघू नका, सपाट थाळी दिसते. शुद्ध पंचमी ते अष्टमी बघा: उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा लांब सावल्या टाकतात, आणि तासाभराने परत पाहिलं तर एखाद्या अंधारलेल्या शिखराचं टोक नव्याने उजळलेलं असतं.

एप्रिल-मे महिन्यात उत्तरेला सप्तर्षी वर आले की वसिष्ठ-अरुंधती बघा. नुसत्या डोळ्यांना वसिष्ठाशेजारी अरुंधती मंद दिसते, लग्नात नवरा-नवरीला दाखवतात तीच. दुर्बिणीतून दोघांमध्ये बरंच अंतर पडतं, आणि साधारण पन्नास पटीला कळतं की खुद्द वसिष्ठच एक तारा नसून दोन आहेत, अगदी खेटून. सत्तर मिलिमीटरच्या भिंगालाही हे जमतं, आणि विरारच्या दिव्यांनी त्यात काही अडत नाही.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सुरू झालेलं मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. आपल्याकडून दादरला जाऊन कर्जतची लोकल धरली की बदलापूरच्या पुढचं स्टेशन. वरळीचं नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. आयुका २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सर्वसामान्यांसाठी खुलं होतं. अशा ठिकाणी एका रात्रीत चार-पाच प्रकारच्या दुर्बिणींना डोळा लावता येतो, आणि कुठली उचलायला किती जड आहे तेही हाताला कळतं.

खरेदी दसऱ्याच्या सुमारास करा, मे महिन्यात नको. मेमध्ये घेतलेली दुर्बीण जूनपासून चार महिने खोक्यात बसते, आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत बंद खोक्यातल्या भिंगावर बुरशीची जाळी धरते. बुरशी एकदा काचेत रुतली की पुसून जात नाही. पावसाळ्यात दुर्बीण आणि आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला. थंडीतल्या रात्री नळीवर दव पडलं असेल तर घरात आणून आधी कोरडं होऊ द्या, मग झाकण लावा. आरसा रुमालाने कधीही पुसू नका. त्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा ओरखड्यांनी जातो, थोडी धूळ चालते. आणि खिडकीत झाकणाशिवाय ठेवू नका, ऊन आत शिरलं तर आग लागू शकते.

पहिल्या रात्रीआधी दिवसाउजेडी एक काम उरकून घ्या. मुख्य नळीवरचा छोटा फाइंडर आणि दुर्बीण एकाच जागी रोखलेले नसतात. विरारकर असाल तर गच्चीवरून जीवदानीच्या डोंगरावरचं देऊळ दुर्बिणीत मध्यभागी आणा, वसईकर असाल तर चर्चचा मनोरा किंवा मोबाइलचा टॉवर, आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तोही तिथेच रोखा. सूर्य पाठीमागे असू द्या. हे राहून गेलं तर रात्री चंद्रसुद्धा सापडत नाही, आणि दोष दुर्बिणीला जातो.

मग सेक्रेटरींना आणि शेजाऱ्यांच्या मुलांना बोलवा. गच्चीची किल्ली एकदा शनी दाखवला की मागावी लागत नाही. माणसं जास्त असतील तर २५ मिलिमीटरचा, कमी पटीचा आयपीस ठेवा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे शंभर पटीला ग्रह दोनेक मिनिटांत नजरेबाहेर जातो आणि रांगेतल्या तिसऱ्या माणसाला नुसतं काळं आकाश दिसतं. कमी पटीत तो बराच वेळ टिकतो. आजीला वाकायला लागू नये म्हणून एक खुर्ची, लहान मुलांना चढायला एक स्टूल, आणि मोबाइलचा टॉर्च कुणी लावू नये म्हणून लाल जिलेटीन गुंडाळलेली एक बॅटरी: एवढी तयारी वर नेऊन ठेवा.